पेंटियमवाले विनोद धाम आणि कारेगावचा फ्रिज

पुण्यात जन्मलेली, पण पुण्याने कधी फारशी आपली न म्हटलेली काही माणसं असतात. विनोद धाम त्यातलेच. वर्तमानपत्रं त्यांची ओळख 'पेंटियमचे जनक' अशी करून देतात आणि पुढच्याच ओळीत 'खिशात फक्त आठ डॉलर घेऊन अमेरिकेला गेले' हे वाक्य ठरलेलं असतं. आठ डॉलरची गोष्ट खरी आहे, पण ती एकट्या धामांची नाही. तेव्हा परकीय चलनाचा नियमच तसा होता, त्यामुळे त्या पिढीतल्या अनेकांच्या खिशात तेच आठ डॉलर होते! असो.

जन्म १९५०चा, पुण्यातला. घर पंजाबी. वडील फाळणीच्या वेळी रावळपिंडीकडून आलेले, लष्कराच्या मुलकी खात्यात नोकरीला. इंजिनिअरिंग दिल्लीत झालं. तेव्हा 'आमचा पुण्याचा मुलगा' म्हणून मिरवण्यात फारसा अर्थ नाही. (आपण याहून कमी भांडवलावर मिरवलेलं आहे, ते सोडा.)

मला त्यांच्याबद्दल लिहावंसं वाटतं ते कारेगावमुळे. आपल्यातले जे बाहेर आहेत आणि बऱ्याच वर्षांत नगर रोडने आलेले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो, रांजणगावच्या गणपतीजवळ जी एमआयडीसी पसरली आहे, तिच्या अगदी कडेला आपलं कारेगाव. एलजी, व्हर्लपूल, फियाट, जाबिल ही नावं आता गावातल्या पोरांना पाहुण्यांच्या नावांसारखी पाठ. शेतं गेली, शेतांच्या जागी भाड्याच्या खोल्या आल्या, मराठवाडा-विदर्भापासून बिहारपर्यंतची मुलं त्या खोल्यांतून राहतात आणि कंपनीच्या बसने शिफ्टला जातात. तिथे फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही तयार होतात. 'तयार' म्हणजे पत्रा, प्लास्टिक, कॉम्प्रेसर, वायरिंग, बोर्ड असं सगळं लाइनवर एकत्र येतं. त्या बोर्डावरची काळी चौकोनी चिप मात्र बाहेरून येते, अगदी बाहेरच्या देशातून. ती इथे का होत नाही, असं एका भाच्याने मला विचारलं होतं. एका वाक्यात देता येईल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. धामांचा सगळा प्रवास नीट वाचला, की ते बरंचसं मिळतं असं मला वाटतं.

सुरुवात दिल्लीपासून करू. १९७१ साली दिल्ली कॉलेज ऑफ इंजिनिअरिंगमधून इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन धाम 'कॉन्टिनेन्टल डिव्हाइस इंडिया' या कंपनीत लागले. ही कंपनी १९६४ साली अमेरिकन सहकार्याने सुरू झालेली. सिलिकॉनचे डायोड, ट्रान्झिस्टर बनवायची. हे वाचून थोडं थांबावं. १९७१ साली आपल्या देशात, खाजगी कारखान्यात, सिलिकॉनचे भाग तयार होत होते. तैवानची जी कंपनी आज जगाला चिपा पुरवते ती टीएसएमसी १९८७ची! म्हणजे गाडी सुटली तेव्हा आपण स्टेशनवर नव्हतो असं नाही. आपण फलाटावरच होतो, डबाही दिसत होता.

त्या कारखान्यात धाम चार वर्षं होते. सिलिकॉनच्या तुकड्यात नेमकं काय घडतं, याचं वेड त्यांना तिथे लागलं. पण त्या वेडाला पुढे शिकायला जागा इथे नव्हती. १९७५ साली ते सिनसिनाटी विद्यापीठात गेले, १९७७ मध्ये तिथली मास्टर्स पदवी घेतली, मग ओहायोतल्याच डेटन गावात एनसीआर कंपनीत मेमरीचं काम केलं आणि १९७९ साली इंटेलमध्ये दाखल झाले.

इंटेलमधल्या त्यांच्या पहिल्या मोठ्या कामाबद्दल फार कमी लिहिलं जातं. वीज गेली तरी आतला मजकूर पुसला जात नाही अशी 'फ्लॅश' मेमरी इंटेलने ज्या तंत्राने बनवली, त्या तंत्राच्या सहसंशोधकांत धाम आहेत. फ्लॅशची मूळ कल्पना तोशिबाच्या फुजिओ मासुओका यांची, ते श्रेय त्यांचंच. पण ती कारखान्यातून धंद्याच्या भावात बाहेर काढणं हे वेगळं काम, आणि त्यात धामांचा हात होता. पेन ड्राइव्ह, कॅमेऱ्याचं कार्ड, मोबाइलमधले फोटो हे सगळं त्याच कुळातलं. मला विचाराल तर माणसाच्या रोजच्या आयुष्यात पेंटियमपेक्षा फ्लॅश जास्त खोल गेली. पण तिला पेंटियमसारखं झोकदार नाव नव्हतं, आणि जाहिरातही नव्हती.

पेंटियमची गोष्ट आपल्या पिढीला माहीत आहे. २२ मार्च १९९३ला ती चिप बाजारात आली. आत ३१ लाख ट्रान्झिस्टर, वेग ६० आणि ६६ मेगाहर्ट्झ. खरं तर ती '५८६' व्हायची, पण नुसत्या आकड्यांवर ट्रेडमार्क मिळत नाही आणि एएमडीसारखे स्पर्धक तेच आकडे वापरत होते, म्हणून पाचाच्या ग्रीक शब्दावरून नवं नाव घडवलं गेलं. हे नाव आपल्याकडे किती पोचलं ते आठवा! नव्वदच्या दशकाच्या शेवटी तालुक्याच्या गावांतसुद्धा कॉम्प्युटर क्लासच्या पाट्यांवर 'पेंटियम' हा शब्द असायचा. आत गेल्यावर बहुतेक वेळा ४८६च निघायचा, हा भाग निराळा.

'जनक' या शब्दाबद्दल मात्र थोडं बोललं पाहिजे. एवढी मोठी चिप एक माणूस बनवत नाही. जॉन क्रॉफर्ड आणि डोनाल्ड अल्पर्ट यांनी तिच्या रचनेचा भार उचलला, अवतार सैनी हे आणखी एक भारतीय डिझाइनच्या बाजूचे प्रमुख होते. धाम त्या सगळ्या कामाचे आणि पुढे इंटेलच्या मायक्रोप्रोसेसर गटाचे वरिष्ठ अधिकारी, उपाध्यक्ष. चिप वेळेवर, चालू स्थितीत, विकण्याजोगी बाहेर काढणं ही जबाबदारी त्यांची. आपल्याकडे 'जनक' म्हटलं की एकट्याने प्रयोगशाळेत बसून शोध लावला असं चित्र उभं राहतं, ते इथे चुकीचं आहे. धाम मुळात फार चांगले कारखानदारी-इंजिनिअर आणि माणसांकडून काम करून घेणारे. यात कमीपणा काही नाही, उलट आपल्याला उणीव त्याचीच आहे.

मग १९९४चं ते गाजलेलं प्रकरण. व्हर्जिनियातल्या लिंचबर्ग कॉलेजचे गणिताचे प्राध्यापक थॉमस नाइसली यांच्या लक्षात आलं की काही विशिष्ट भागाकारांत पेंटियम चुकीचं उत्तर देतो. आत भागाकारासाठी एक कोष्टक होतं, त्यातल्या पाच नोंदी राहून गेल्या होत्या. इंटेलने आधी 'सामान्य माणसाला याचा त्रास नाही' असं सांगून पाहिलं, मग डिसेंबरात मागेल त्याला चिप बदलून द्यायचं कबूल केलं आणि त्यापोटी ४७.५ कोटी डॉलर बाजूला काढून ठेवले. पाच नोंदींची ही किंमत! गंमत म्हणजे या बोभाट्यानंतर पेंटियमचं नाव आणखीच घराघरांत गेलं.

१९९५ साली धामांनी इंटेल सोडली. ते गेले नेक्सजेन या लहान कंपनीत, आणि थोड्याच दिवसांत नेक्सजेनला एएमडीने विकत घेतलं. इंटेलची कट्टर प्रतिस्पर्धी! नेक्सजेनच्याच रचनेतून एएमडीची के-६ ही चिप १९९७ साली आली. ती पेंटियमच्याच सॉकेटमध्ये बसायची. एकच मदरबोर्ड, त्यावर हवा तर पेंटियम लावा, हवी तर के-६, आणि दोन्हीमागे एकच माणूस. त्या काळात ज्यांनी असेंबल्ड पीसी घेतला त्यांना आठवत असेल, दुकानदार के-६ पुढे करायचा कारण ती स्वस्त पडायची. मध्यमवर्गीय घरात संगणक येण्यात या भावाच्या भांडणाचा बराच वाटा आहे.

१९९८ साली ते सिलिकॉन स्पाइस या नव्या कंपनीचे मुख्य अधिकारी झाले. इंटरनेटवरून आवाज पाठवायला लागणाऱ्या चिपा बनवणारी ही कंपनी २००० साली ब्रॉडकॉमने सुमारे १२० कोटी डॉलरच्या शेअर्सना घेतली. डॉटकॉमचा फुगा तेव्हा फुटायलाच लागला होता. त्याच वर्षी अध्यक्ष क्लिंटन यांनी आशियाई-अमेरिकनांविषयीच्या आपल्या सल्लागार आयोगावर त्यांना नेमलं. सरकारी सल्लागार म्हणून ही पहिली पायरी.

इथून पुढे धाम गुंतवणूकदार होतात, आणि त्यांच्या या टप्प्यातच आपल्या प्रश्नाचं उत्तर आहे.

पण त्याआधी एका मराठी माणसाचं नाव घ्यायला हवं. सुहास पाटील. जन्म जमशेदपूरचा, आयआयटी खरगपूर आणि मग एमआयटी. त्यांच्या कंपनीतून पुढे १९८४च्या सुमारास 'सिरस लॉजिक' उभी राहिली. चिप डिझाइन करायची, पण स्वतःचा कारखाना काढायचा नाही, ती दुसऱ्याकडून बनवून घ्यायची, ही पद्धत रुळवणाऱ्या सुरुवातीच्या कंपन्यांत सिरसचं नाव घेतात. पाटीलही पुढे नव्या उद्योजकांना पैसा आणि सल्ला देणारे झाले, 'टाय' ही संस्था उभारण्यात ते होते. या पद्धतीने डिझाइन करणाऱ्याचा अब्जावधींचा कारखान्याचा खर्च वाचला, आणि ज्याने कारखाना काढला त्या तैवानला ऑर्डरी मिळाल्या. आपल्याकडचे हुशार इंजिनिअर पहिल्या बाजूला गेले. बंगळूरला, नोएडाला, पुण्यालाही डिझाइनची ऑफिसं झाली. दुसरी बाजू आपल्याकडे कोणी धरलीच नाही.

धामांनी २००२ साली 'न्यूपाथ व्हेंचर्स' काढली. कल्पना अशी की कंपनीचा दर्शनी भाग अमेरिकेत, इंजिनिअर भारतात, आणि माल म्हणजे चिप किंवा चिपवर चालणारी यंत्रं. यातली नेव्हिस नेटवर्क्स ही नेटवर्क-सुरक्षेची कंपनी. तिचं विकासकेंद्र आपल्या पुण्यात होतं. म्हणजे धामांचा पुण्याशी दुसऱ्यांदा संबंध आला तो असा. पण चिपच्या कंपनीला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि पहिली चिप फसली तर पुन्हा तेवढाच लागतो. इथल्या गुंतवणूकदारांना तेवढा दम नव्हता, गिऱ्हाईक तर इथे नव्हतंच.

२००६ साली त्यांनी इंडो-यूएस व्हेंचर पार्टनर्स हा फंड सुरू केला. सोबत वाणी कोला आणि कुमार शिरलगी होते. या फंडाने सुरुवातीला पैसे घातलेल्या कंपन्यांची आज सगळ्यांना माहीत असलेली नावं म्हणजे मिंत्रा आणि स्नॅपडील. काही वर्षांनी धाम बाजूला झाले आणि वाणी कोलांच्या हाताखाली त्या फंडाचं 'कलारी कॅपिटल' झालं. मिंत्रा २०१४ साली फ्लिपकार्टने घेतली.

बघा हं. ज्या माणसाने फ्लॅश आणि पेंटियमवर काम केलं, त्याच्या फंडाचा पैसा भारतात आल्यावर सर्वात जास्त फळला तो ऑनलाइन कपडे आणि किराणा-किरकोळीच्या दुकानांत. याबद्दल मी त्यांना नावं ठेवत नाही. पाण्यासारखाच पैसाही उताराकडे जातो. कपड्यांची वेबसाइट दोन वर्षांत उभी राहते, चिपच्या कारखान्याला आधी अखंड वीज, अतिशुद्ध पाणी, रसायनं, वायू, आणि दहा-पंधरा वर्षं तोटा सोसणारा मालक लागतो. पण भाच्याच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. चिप इथे होत नाही कारण ज्यांना ती करता येत होती त्यांनासुद्धा इथे ती करण्यापेक्षा दुसरं काहीही करणं शहाणपणाचं वाटावं अशी परिस्थिती होती.

उरलेलं अर्धं उत्तर सरकारी आहे. मोहालीला सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स हा सरकारी कारखाना १९८४ साली उत्पादनात आला. १९८९च्या फेब्रुवारीत तिथे मोठी आग लागली आणि ती पाच वर्षांची चाल तिथेच थांबली, कारखाना पुन्हा उभा राहीपर्यंत जग फार पुढे गेलं. २००७ साली चिप कारखान्यांसाठी सवलतींची योजना आली, हैदराबादला 'फॅब सिटी'ची घोषणा झाली, कारखाना झाला नाही. २०१३-१४मध्ये दोन गटांना मंजुरी मिळाली, दोन्ही बारगळले. मग २०२१च्या डिसेंबरात ७६,००० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली, आणि त्यातून निघालेल्या इंडिया सेमीकंडक्टर मिशनच्या सल्लागार समितीत सत्तरीतले विनोद धाम आले.

त्यांचा सल्ला मला फार आवडतो, कारण तो भाषणबाजीचा नाही. सारांश असा, की जगातली सर्वात बारीक, सर्वात नवी चिप करायच्या मागे एकदम लागू नका. जुन्या, मोठ्या मापाच्या चिपांपासून सुरू करा, हात बसू द्या. चिपवरच्या रचनेचं माप नॅनोमीटरमध्ये मोजतात, जितकं लहान तितकं नवं आणि महाग. मोबाइलमधली मुख्य चिप आज एक आकडी नॅनोमीटरची. पण गाडी, मोटरपंप, विजेचा मीटर, एसी, फ्रिज यांना ९०, १८० असल्या जुन्या मापाच्या चिपा चालतात. खुद्द पहिला पेंटियम आजच्या भाषेत ८०० नॅनोमीटरचा होता! दिल्लीत डायोडच्या कारखान्यात चार वर्षं काढलेला माणूसच असा सल्ला देऊ शकतो. नुसता फंड चालवणारा 'झेप घ्या' म्हणाला असता.

आता कारेगावकडे येतो. या मिशनच्या काळात दिल्लीत इलेक्ट्रॉनिक्स खात्याचे राज्यमंत्री होते राजीव चंद्रशेखर. हे गृहस्थ मूळचे चिपवाले. अमेरिकेत शिकले, आणि १९८८ साली त्यांना इंटेलमध्ये घेणारे अधिकारी म्हणजे विनोद धामच. १९९१ला ते परत आले, १९९४ साली बीपीएल मोबाइल काढली. मुंबईत आणि उरलेल्या महाराष्ट्रात ज्यांनी सुरुवातीला मोबाइल घेतला त्यांच्यातल्या अनेकांचं सिमकार्ड याच कंपनीचं. २००५ साली त्यांनी आपला हिस्सा एस्सारला विकला, जुपिटर कॅपिटल नावाचा फंड काढला, २००६ला राज्यसभेत गेले. म्हणजे गुरूचाच रस्ता, चिप, मग कंपनी, मग फंड, मग धोरण. फरक इतकाच की गुरू सल्लागार राहिले आणि शिष्य मंत्री झाला.

या चंद्रशेखरांनी ३१ ऑक्टोबर २०२२ला रांजणगावला इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनाचं क्लस्टर जाहीर केलं. जागा २९७ एकर, खर्च ४९२ कोटी ८५ लाख, त्यातले सुमारे २०८ कोटी केंद्राचे, २,००० कोटींची गुंतवणूक आणि ५,००० रोजगार अपेक्षित. घोषणेची वेळ लक्षात घ्या. दीडच महिन्यापूर्वी, १३ सप्टेंबरला, वेदांता-फॉक्सकॉनचा १ लाख ५४ हजार कोटींचा चिप प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला जात असल्याचं जाहीर झालं होतं आणि राज्यात त्यावरून मोठा धुरळा उडाला होता. (तळेगाव म्हणजे मावळातलं दाभाड्यांचं. आपल्या तालुक्यातलं तळेगाव ढमढेरे नव्हे. त्या महिन्यात दोन-तीन नातेवाइकांनी मला 'तुमच्याकडचीच कंपनी गेली ना रे' म्हणून फोन केले होते.) त्या रागावर रांजणगाव हे मलम होतं, असं तेव्हा बोललं गेलं. पुढे २०२३च्या जुलैत फॉक्सकॉनच त्या भागीदारीतून बाहेर पडली, म्हणजे ज्यावरून एवढं भांडलो ते कोणालाच मिळालं नाही.

मला स्वतःला क्लस्टर हे मलम आहे की औषध, हे आकड्यांवरून ठरवता येत नाही. त्यातली मुख्य कंपनी आयएफबी रेफ्रिजरेशन, ४० एकर जागा, ४५० कोटींची गुंतवणूक. म्हणजे पुन्हा फ्रिजच! हसू येतं खरं. पण धामांचा सल्ला मनाशी धरून पाहिलं तर फ्रिज ही हसण्याची गोष्ट नाही. इन्व्हर्टर फ्रिजच्या बोर्डावर कॉम्प्रेसरचा वेग सांभाळणारी चिप असते, वीज चालू-बंद करणारे जाडजूड ट्रान्झिस्टर असतात, आणि हे सगळं त्याच जुन्या मापांतलं. इथे पहिली चिप होईल तेव्हा तिचं पहिलं गिऱ्हाईक सुपर कॉम्प्युटर नसेल, रांजणगावचा फ्रिज असेल. १९७१ साली आणि २००२ साली जे गिऱ्हाईक नव्हतं ते आता आपल्या गावाच्या वेशीवर उभं आहे.

२९ फेब्रुवारी २०२४ला केंद्रीय मंत्रिमंडळाने टाटा आणि तैवानच्या पॉवरचिपचा ९१,००० कोटींचा धोलेऱ्याचा कारखाना मंजूर केला. २८ नॅनोमीटर आणि त्याहून जुनी मापं, म्हणजे साधारण धाम म्हणत होते तसंच. त्याच्या आदल्या दिवशी पहाटे नवी मुंबईत पाम बीच रोडवर सायकल चालवताना टॅक्सीने धडक दिली आणि पेंटियमवाले अवतार सैनी गेले. वय ६८. इंटेलचं भारतातलं काम वाढवून ते इथेच राहिले होते. एकाच दिवसाच्या अंतरावरच्या या दोन बातम्या मी शेजारीशेजारी वाचल्या. चिपच्या बातमीला पहिलं पान, सैनींची बातमी आत, अपघात म्हणून. धामांना २०२५ साली पद्मभूषण मिळालं.

भाच्याला मी हे सगळं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. तो लाइनवर बोर्ड बसवतो, ठेकेदाराकडे आहे, कायम नाही. त्याने ऐकून घेतलं आणि विचारलं, "मामा, मग ते चिपचं काम शिकवतात कुठं? आयटीआयला आहे का?" मी चौकशी करून सांगतो म्हणालो आहे. आपल्यापैकी कोणी मोहालीला, साणंदला किंवा बाहेर कुठे चिपच्या कारखान्यात प्रत्यक्ष काम केलं असेल, डिझाइनच्या ऑफिसात नव्हे, आत सूट घालून, तर आयटीआय झालेल्या मुलाला तिथे कोणत्या दाराने शिरता येतं ते मला जरूर कळवा.